कहूच्या झाडावरच्या खुणा

माझ्या यादीच्या तळाशी, शेवटच्या ओळीत, एका नदीचं नाव होतं. त्याच्या वर सगळी समुद्राची आणि खाड्यांची गावं: धक्के, तरीच्या जागा, मासळी उतरवायचे ओटे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. समुद्र हळूहळू चढणार, वादळं वाढणार ही चर्चा तोवर परिसंवादांतून निघून आमच्या कचेरीतल्या फायलींत येऊन बसली होती. राज्यात जिथे जिथे माणसं आणि माल बोटीतून उतरतात, त्या प्रत्येक जागेपुढे तीन रकाने भरायचे होते: धोका, उपाय, खर्च. पाणी चढलं तर काय बुडेल, ते वाचवायला काय करावं लागेल आणि त्याला किती पैसे लागतील. वीस वर्षं मी किनाऱ्यावर अंदाजपत्रकं करत आले होते. मला रकाने आवडतात. किनाऱ्यावरची सगळी बंदरं भरून झाली आणि ती एकच ओळ रिकामी राहिली: पामुलगौतम नदी, भामरागडजवळचा तरीचा घाट.

ही ओळ यादीत आली कशी, हे कुणालाच सांगता येईना. कुठल्या तरी जुन्या परवान्यांच्या वहीतून नदीवरचे घाट कुणीतरी उतरवून घेतले असावेत. बाकीच्या घाटांवर पूल झाले म्हणून ते कटले, हा उरला. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणाले, "चंद्रपूरच्या पुढे समुद्र लागला की कळवा." ओळ खोडून टाकणं सगळ्यात सोपं होतं. पण न बघता खोडलेली ओळ मला झोपू देत नाही. दिवाळी झाल्यावर मी निघाले.

वरोरा

रेल्वेतून उतरले तेव्हा जीप उभी होती. जीपला टेकून वसंताभाऊ उभे होते. पुढचे पाच दिवस हेच माझे सारथी, दुभाषी आणि टीकाकार. त्यांनी माझ्या सामानाकडे पाहिलं: मापाची दुर्बीण, तिची तिवई, उंच पट्टी, फिती, दोन पिशव्या, छत्री.

"समुद्राच्या हापिसातून आल्या ना बाई तुमी? मंग इकडं काऊन?"

"नदी बघायला."

"नदी तं वर्धा बी हाय, इथीच. पाहून घ्या अन् वापस जा. माहं डिझेल वाचन."

बाजारात कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीवर पांढरा डोंगर, आणि त्या डोंगरावर मालक पाय पसरून झोपलेला. आमच्याकडे मासळीच्या टोपल्यांवर कुणी असं झोपताना पाहिलेलं नाही. पुढे माजरीच्या बाजूने येणाऱ्या कोळशाच्या गाड्या भेटू लागल्या. "कोळशाची गाडी पुढं असली का काच वर करा," वसंताभाऊ म्हणाले. "आणि मागे असली तर?" "तवाबी करा." तरी संध्याकाळी चंद्रपुरात रुमालाने तोंड पुसलं, तर रुमाल काळा.

आलापल्ली

आलापल्लीचं सागाचं जंगल मी आधी कागदावर पाहिलं होतं. आमच्या जुन्या धक्क्यांना लागलेलं लाकूड कुठून आणलं, त्या नोंदींत हे नाव येतं. खाऱ्या पाण्यात उभे राहून काळेभोर झालेले ते खांब मला हाताने ओळखता येतात. इथे त्यांचे भाऊबंद सरळ उभे होते, जिवंत, डोक्यावर वाळायला आलेली मोठाली पानं घेऊन. गाडी थांबवून मी एका बुंध्याला हात लावला. वसंताभाऊंनी विचारलं, "हे बी यादीत लिवाचं हाय का?" नव्हतं. पण इतक्या वर्षांनी, त्या प्रवासातल्या पुष्कळ मोजमापांचा विसर पडल्यावरही, त्या सालीचा खरखरीतपणा तळहाताला आठवतो.

भामरागड, पहिला दिवस

आमच्या खाडीचं पाणी दिवसातून दोनदा येतं, दोनदा जातं. माणसाच्या श्वासासारखं. तीन नद्यांच्या त्या गावात पोचल्यावर कळलं की इथली नदी वर्षातून एकदाच श्वास घेते. कार्तिकात ती बाहेर सोडलेली होती: लांबरुंद वाळू, मधे काळे खडक, आणि कडेने हिरवं, नितळ पाणी. एवढ्याशा पाण्याला घाट कशाला हवा, असं कुणालाही वाटावं.

घाट म्हणजे दगडाच्या अकरा पायऱ्या. त्यातल्या चार धडक्या. पायऱ्यांच्या डोक्यावर कहूचं प्रचंड झाड. आपण ज्याला अर्जुन म्हणतो तेच. झाडाखाली सोमाजीभाऊ जाळं विणत बसले होते. साठीचे, सडपातळ, बोलायला सावकाश. तीन पिढ्या त्यांचं घर या घाटावर डोंगा चालवतं आणि उरलेल्या वेळात मासे मारतं. पलीकडच्या तीरावर जंगलात पाच-सहा गावं. त्यांचं मीठ, तेल, दवाखाना आणि लग्नं सगळी अलीकडे.

"पयले नदी पाहून घ्या," ते म्हणाले, आणि मला डोंग्यात बसवलं. एका खोडाचा कोरलेला डोंगा. बसलं की पाणी कोपराशी येतं. पलीकडे जाऊन आलो. परतताना काठ आला, आणि मी वीस वर्षांच्या सवयीने वागले. आमच्याकडे होडी काठाला लागायला आली की उभं राहायचं, पदर खोचायचा आणि होडीच्या पुढच्या टोकावरून, नाळेवरून, उडी टाकायची. मी उभी राहिले. डोंग्याने शांतपणे कूस बदलली, आणि मी पिशवीसकट कमरेएवढ्या पाण्यात बसले.

काठावरून वसंताभाऊंचा आवाज आला, "बाई, हे यादीत होतं का?"

आवाज ऐकून सोमाजीभाऊंची बायको तुळसाबाई घरातून आली. तिने मला हाताला धरून वर ओढलं आणि नवऱ्याला म्हणाली, "समुद्रवाल्या बाईले आंघोळ घालाले आणलं का गा तुमी?" मग आपलं लुगडं मला नेसवलं. माझ्या वहीची पानं एकेक सोडवून तिने तापलेल्या वाळूवर मांडली, प्रत्येकावर एकेक गोटा. माझी यादी इतकी लांब पसरलेली मी प्रथमच पाहत होते. एक शेळी रेवदंड्याच्या पानापर्यंत येऊन थांबली. वसंताभाऊंनी तिला पुढे जाऊ दिलं नाही.

जेवायला मरळ मासा होता, अंबाडीचा आंबटपणा दिलेला, वर भात. मी कोकमाच्या गोष्टी सांगितल्या. तुळसाबाईने ऐकून घेतल्या आणि विचारलं, "खाऱ्या पाण्यातली मासोळी. तिले मीठ घालता का नाई मंग?" घालतो म्हटल्यावर ती हसली. "मंग खारं पाणी काय कामाचं."

हात धुताना तिने वरच्या अंगाला बोट दाखवलं. घाटापासून थोडं वर, नदीत घुसलेला एक रुंद खडक होता. "तिथी घाट पाहिजे बाई. त्याच्या मागं पुरातबी पाणी बसून राह्यते. इथी तं धार सरळ अंगावर येते."

मी म्हटलं, तिथवर वाट कापावी लागेल, खडक फोडावा लागेल, बराच खर्च आहे. त्यावर ती तिच्या लेकीबद्दल बोलू लागली. शेवंता पलीकडे दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून मागच्या पावसाळ्यात ती पलीकडच्या काठावर आली, तर डोंगा आदल्या दिवशीच बांधलेला. तीन दिवस ती रोज त्या काठावर येऊन उभी राहायची, ही या काठावर. पाण्याच्या आवाजात एकमेकींचं काही ऐकू येत नव्हतं. चौथ्या दिवशी शेवंता आली नाही. नातू तिकडेच झाला. तुळसाबाईने त्याला पाहिलं ते दसऱ्याला, तेव्हा तो मान धरत होता.

"पुढचं लेकरू माह्या घरी व्हावं," ती म्हणाली. "एवढंच. तुमच्या वहीत जागा असन तं पाहा."

भामरागड, दुसरा दिवस

सकाळी कामाला लागले. तिवई वाळूत रुतत होती. तिच्या पायांखाली चपटे दगड ठेवले. पायऱ्यांची मापं झाल्यावर कहूच्या झाडाकडे वळले, तर त्याच्या बुंध्यावर खाचा दिसल्या. सुताराच्या वाकसाने कोरलेल्या, बोटभर खोल, आत शेंदूर भरलेला. कहूची साल वरचेवर सुटते, म्हणून खाच पार लाकडात नेलेली. एकीच्या उजवीकडे दुसरी, दुसरीच्या उजवीकडे तिसरी, अशा बुंध्याभोवती फिरत गेलेल्या.

मला काय आनंद झाला सांगू. किनाऱ्यावर मी अशाच खुणा शोधत फिरते. उधाणाचं पाणी कुठवर आलं ते लोक देवळाच्या जोत्यावर, घराच्या पायरीवर खुणेने ठेवतात, आणि कुठल्याही सरकारी कागदापेक्षा ती रेघ खरी असते.

"सोमाजीभाऊ, यातली जुनी कुठली?"

"हे माह्या आज्याच्या हातची. हे बापाची. इथून पुढं माह्या."

"आणि ही शेवटची?"

"अवंदाची."

मी पट्टी लावून प्रत्येकीची उंची घेतली. आजोबांची माझ्या डोक्याच्या वर. वडिलांची माझ्या खांद्याशी. मग हळूहळू उतरत उतरत यंदाची माझ्या गुडघ्यापाशी. चित्र इतकं स्वच्छ होतं की दुसरं काही विचारायची गरजच वाटली नाही. किनारा चढत्या पाण्याच्या चिंतेत असताना ही एक नदी उतरत होती. वाळवलेल्या पानांवर मी शेवटची ओळ भरली. धोका: कमी होत आहे. उपाय: सध्याच्या पायऱ्यांची दुरुस्ती. खर्च: किरकोळ. यादी पुरी झाली. ते समाधान ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा मी ते सांगून टाकलं. वाईट वाटत होतं, पण खोटी आशा लावू नये असा माझा नियम आहे. "वरच्या घाटाची शिफारस मला करता येणार नाही. पाणी दरवर्षी कमी होतंय. खुणाच सांगतात."

सोमाजीभाऊ ताटाकडे बघत राहिले. तुळसाबाईने भाताचं भांडं खाली ठेवलं.

"खुणा सांगतात?"

"हो. जुनी वर, नवी खाली."

"बाई, तुमी कधी पुरात आल्या होत्या का इथी?"

"नाही."

"मंग उठा. हात मागून धुवा."

उष्ट्या हाताने मी तिच्या मागे निघाले. तिने मला कहूखाली, अगदी खुणांसमोर उभं केलं. मी परत खुणांकडे पाहू लागले.

"तिथी नाई. मान वर करा."

मी मान वर केली. आजोबांच्या खुणेच्याही कितीतरी वर, जिथे झाडाला पहिला मोठा फाटा फुटतो, तिथे वाळलेल्या गवताचा भारा अडकला होता. त्यात गोणपाटाची चिंधी आणि एक निळी रबरी चप्पल.

"हे कुणी ठेवलं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच उत्तर कळलं.

"नदीनं," तुळसाबाई म्हणाली. "याच आषाढात."

आमच्याकडे उधाणाचा कचरा पायाशी शोधायचा असतो. वाळूवर शेवाळ, शिंपले, काटक्यांची ओळ. वीस वर्षं मी खाली बघत चालले होते. वर बघायचं असतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला सुचलंही नव्हतं.

"मग या खाचा कशाच्या?"

"डोंग्याच्या," सोमाजीभाऊ मागून म्हणाले. तेही जेवण टाकून आले होते. "ज्या दिवशी डोंगा बंद करून झाडाले बांधतो, त्या दिवशी पाणी जिथी लागते तिथी खाच. शेंदूर लावतो, नारळ फोडतो. मंग पाणी निवळेपर्यंत डोंग्याले हात नाई लावाचा. आज्यापासून हेच हाय."

"म्हणजे तुम्ही आता आधीपेक्षा कमी पाण्यातच बंद करता?"

"काय करू जी. पयले पाणी सांगून चढे. दोन दोन दिवस लागत. आजा इतक्या पाण्यातबी डोंगा नेत होता," त्यांनी वरच्या खाचेला हात लावला. "आता सकाळी जिथी पाय धुतले तिथी दुपारी कंबर. अख्खे झाडं वाहून येतात. बाया-लेकरं बसवून मी कोणत्या भरोशावर जाऊ? म्हून लवकर बांधतो. दर साली थोडा लवकर."

आजोबा आश्लेषात, म्हणजे ऑगस्ट लागल्यावर, बंद करायचे, वडील त्याआधीच्या पुष्यात. यंदा सोमाजीभाऊंनी आर्द्रा संपायच्या आत, जूनअखेरीलाच, बांधला होता. खुणा उतरत होत्या, कारण भीती चढत होती.

"मला सकाळी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं नाई. पट्टी लावली, लिवलं. शिकल्या बाईले मी काय सांगू."

ते टोमण्याने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. टोमण्याचं काम वसंताभाऊंनी केलं. "समुद्राले वर पाहा लागत नाई वाटते," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून हळू आवाजात, "चला, भात थंडा होऊन राह्यला."

तिसरा दिवस

शेवटची ओळ खोडली. मग सगळं पहिल्यापासून. फाट्यातल्या गवतापर्यंत पट्टी पुरेना. वसंताभाऊ झाडावर चढले आणि त्यांनी फीत खाली सोडली. उतरताना ती निळी चप्पल घेऊन आले. तुळसाबाईने ती उंचावरच्या आपल्या घराच्या पायरीवर नीट ठेवली. "कोणाची असन तो येईन," ती म्हणाली. वरच्या कुठल्या तरी गावाहून वाहत आलेली ती चप्पल घ्यायला कोण येणार होतं? पण तिथे वाहून आलेली वस्तू अशी ठेवायची रीत आहे. दुसऱ्याची म्हणून ठेवायची, आपली म्हणून घ्यायची नाही.

मग वरच्या खडकाची मापं. तुळसाबाई म्हणाली होती तसंच होतं. खडकाच्या पाठीमागे गाळ थरावर थर साचलेला होता. पुरातही तिथे पाणी बसून राहतं याची तीच साक्ष. वाट कापायची, खडक फोडायचा, सिमेंट चंद्रपुराहून आणायचं, तेही पाऊस पडून रस्ते तुटायच्या आत. खर्च किरकोळ नव्हता. मी तो फुगवला नाही, कमीही दाखवला नाही.

पण तीन रकाने भरून झाल्यावरही पान मला अर्धवट वाटत होतं. पायऱ्या बुडण्याचा खर्च मांडता येत होता. खरं तर त्या दरवर्षी बुडतच होत्या, आणि त्याचं कुणालाच काही नव्हतं. नुकसान होत होतं ते बुडण्याच्या कितीतरी आधी, डोंगा झाडाला बांधला त्या दिवसापासून. कुठलीही उतरायची जागा बुडण्याआधी बंद पडते. हे मी किनाऱ्यावर रोज पाहत होते आणि एकाही रकान्यात लिहिलेलं नव्हतं.

म्हणून फूटपट्टी घेऊन चौथा रकाना आखला. वर लिहिलं: बंद दिवस. तो भरायला सोमाजीभाऊ आणि तुळसाबाई झाडाखाली बसले. नक्षत्रांवरून, लग्नांवरून, कुठल्या साली भाताची रोवणी कधी झाली त्यावरून ते दिवस मोजत गेले. मधेच दोघांचं भांडण झालं. शेवंताच्या लग्नाच्या साली डोंगा पुनर्वसूत बांधला की पुष्यात? सोमाजीभाऊ पुष्य म्हणत होते. तुळसाबाई म्हणाली, "लग्नात जेवाले तुमी होते, रांधाले मी होती. मले ठाऊक." पुनर्वसू लिहिलं.

निघताना मी तिचं लुगडं धुऊन, घडी घालून परत दिलं. तिने ते माझ्या पिशवीत कोंबलं. "ठेवा. पुढच्या टायमाले आल्या का पुन्हा पडान."

परतल्यावर

साहेबांनी अहवाल चाळला आणि शेवटच्या पानावर थांबले. "हा चौथा रकाना कुणी सांगितला?"

"तुळसाबाईंनी," मी म्हटलं. त्या कोण, ते त्यांनी विचारलं नाही. पण खोडायलाही सांगितलं नाही. मग किनाऱ्यावरची आधीची सगळी पानं मी परत काढली आणि बंदराबंदराला जाऊन होड्या चालवणाऱ्या तांडेलांना विचारत फिरले: होड्या कोणत्या पाण्यात काठावर ओढून ठेवता? पूर्वी कोणत्या पाण्यात ओढत होता? ज्या रेघा मी वर्षानुवर्षं मोठ्या विश्वासाने वाचल्या होत्या, त्यातल्या दोन-तीन भलत्याच कशाच्या तरी निघाल्या. आता रेघ दिसली की मी आधी ती काढणाऱ्याचं घर शोधते.

भामरागडला परत जाणं झालं नाही. लुगडं माझ्या कपाटात आहे. धुण्याने विरत आलं आहे, तरी पावसाळी दौऱ्यावर जाताना सामानाच्या यादीत ते अजून असतं.

चार पावसाळ्यांनंतर कचेरीत पोस्टकार्ड आलं. वसंताभाऊंचं अक्षर, ओळी उतरत गेलेल्या. "बाई, नमस्कार. वरचा घाट झाला. भाडं घेऊन तिकडे गेलतो. शेवंता अवंदा भरल्या पाण्यात इकडे आली, पोरगी झाली, दोघी बऱ्या आहेत. सोमाजीभाऊनं कळवाले सांगितलं का अवंदाची खाच मागच्या सालच्या वर बसली, चांगली दोन हात. निळी चप्पल अजून कोणी नेली नाई."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी कार्ड हातातून घेऊन वाचलं आणि काळजीने विचारलं, "म्हणजे पाणी वाढलं का तिकडे?"

"नाही," मी म्हटलं. "डोंगा चालला."